नाव नंतर कळवू

बुधवार, ९ जानेवारी

...आणि म्हणून मी आईला परत तेच सांगितलं, की माणूस म्हणून गोव्ही सोनं आहे, मान्य, पण मी माणसाबद्दल बोलतच नाहीये. मी किमतीबद्दल बोलतोय. आई म्हणाली, "कोबी चिर."

तिला हा विषय कळत नाही. एतियेन गोव्ह्रो, म्हणजे आमचा गोव्ही, आता एकतीस वर्षांचा झाला. आमच्याकडे आडनावाची शेपटी तोडून तिथे 'ई' चिकटवला की खेळाडू घरचा होतो. हा तर खरंच घरचा आहे. स्टर्जन फोर्क गोफर्स, म्हणजे आमच्या गावची आइस हॉकी टीम, तिचा गोलकीपर, आणि तीन वर्षं आमच्या तळघरात मुक्काम. क्लबला खेळाडूंसाठी खोल्या परवडत नाहीत म्हणून गावातल्या घरांनी एकेक खेळाडू वाटून घेतलाय. शेजारच्या ओल्सनांकडे दोन डिफेन्सवाले पडलेत, त्यांचा फ्रीज बघवत नाही. त्या मानाने आमचा निभाव चांगला लागला. गोव्ही रविवारी वाटाण्याचं सूप करतो, घर तापवायची भट्टी बंद पडली की उघडून बसतो, आणि रोज पहाटे पाचला उठून आईच्या बसची काच खरवडतो. आई शाळेची बस चालवते.

पण फॉर्म्युल्यात सूप कुठल्या रकान्यात टाकणार?

ही डायरी उद्या कोणी छापली तर माहिती असावी म्हणून लिहून ठेवतो: मी कर्बी हट्निक, वय वीस. दिवसा रिंकवर स्केट्सना धार लावतो आणि उरलेल्या वेळात 'सौदा कोणी जिंकला?' नावाची वेबसाइट चालवतो. आइस हॉकीत दोन टीमनी खेळाडूंची अदलाबदल केली की कोण फायद्यात राहिलं ते मी 'हट्निक अंक' काढून सांगतो. वय, खेळ, वाढीची शक्यता, सगळं मिळून शंभरपैकी. वाचक दोनशे बारा.

तर हट्निक अंकाप्रमाणे गोव्हीची किंमत वीस जानेवारीला शिखरावर आहे, पुढे नुसता उतार. आज पोस्ट टाकली: 'गोव्हीला द्या. आत्ताच द्या.' लपवाछपवी नको म्हणून जेवताना त्यालाही सांगितलं.

"किती अंक मला?" त्याने विचारलं.

"एकसष्ट पॉइंट दोन."

"अरे वा! शाळेत गणितात एवढे कधी पडले नव्हते." त्याने कोबीचे आणखी दोन रोल वाढून घेतले. मग म्हणाला, "उद्या गुरुवार ना? लारा येईल?"

मी म्हटलं, येणारच, तिचं वॉशिंग मशीन दोन वर्षं बंद आहे. लारा माझी मोठी बहीण, म्हाताऱ्यांच्या आश्रमात नर्स आहे, पोस्टाच्या वरच्या दोन खोल्यांत राहते. दर गुरुवारी आमच्या तळघरात कपडे धुवायला येते. पिशवी एक, पण चार तास लागतात. मी आईला म्हटलं, आपलं मशीन फार हळू चालतं, बदलूया. आईने माझ्याकडे नुसतं बघितलं.

शुक्रवार, ११ जानेवारी

ऑर्व्हिल स्टँग आज माझ्या धारेच्या मशीनपाशी आले!! स्टँगसाहेबांचं टायरचं दुकान आहे. गोफर्सचे मालक, मॅनेजर आणि कोच, तिन्ही तेच.

"हे सगळं तू एकट्याने काढलंस?"

"हो."

"मग मी आजवर काय करत होतो रे?"

"अंदाज," मी म्हटलं. ते हसले नाहीत. डोकं खाजवत म्हणाले, "कागदावर दे मला. कॉम्प्युटर बायकोकडे असतो."

सात पानं छापून दिली. पहिल्यांदाच कोणी माझं लिहिलेलं हातात धरून नेलं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "तू काय केलंयस ते तुला कळतंय का?" मी म्हटलं, हो, इतिहास.

गुरुवार, १७ जानेवारी

इतिहास!

गोव्ही गेला. कॉल्ड्रन बे मायनर्सकडे, बसने चौदा तास, ओन्टारियोत. बदल्यात आपल्याला एक खेळाडू मिळणार. कोण? नाव नंतर कळवू. एक मार्चला दुपारी बारापर्यंत कॉल्ड्रन बेने नाव कळवायचं. छोट्या लीगमध्ये असं चालतं, कधी कधी तर खेळाडूच्या बदल्यात जुनी बस घेतात, त्यामुळे हा तर उच्च दर्जाचा सौदा. स्टँगसाहेबांनी करार माझ्याच सात पानांतल्या एका पानाच्या मागे लिहून फॅक्स केला. करार एका बाजूला, हट्निक अंक दुसऱ्या बाजूला!

दुपारी अडीचला स्टँगसाहेब स्वतः सांगायला आले. जॅकेटही काढलं नाही. गोव्हीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बस किती वाजता?"

"साडेचार."

आई तेव्हा शाळेच्या फेरीवर होती. तिची भेट झालीच नाही.

मी लगेच पोस्ट लिहायला बसलो. प्रश्न असा होता की जो खेळाडू कोण आहे हेच माहीत नाही त्याचा अंक काढायचा कसा? तर जे माहीत आहे ते भरायचं. दुखापती: एकही नाही. वाईट सामने: एकही नाही. वय माहीत नव्हतं म्हणून तो रकाना रिकामा सोडला. उत्तर आलं सत्त्याण्णव पॉइंट चार! माझ्या वेबसाइटच्या इतिहासातला सर्वांत मोठा अंक. आपली श्रेणी: ए प्लस. संध्याकाळपर्यंत अठराशे लोकांनी वाचलं.

एक किरकोळ गोष्ट राहिली. मी टाइप करत असताना गोव्ही बॅग भरता भरता माझ्या दारात आला. म्हणाला, "कर्बी, ऐक. मला रिंकवर जाऊन सह्या करायच्यात, सामान घ्यायचंय. लारा कामावर असताना फोन कपाटात ठेवते. तू आश्रमात जा आणि तिला सांग, साडेचारची बस आहे, मी स्टँडवर थांबतोय. आज सातला गोल्डन फेझंटमध्ये टेबल घेतलं होतं, तेही सांग. आणि सांग की तिला यायचं नसेल तर मी समजून घेईन. पुन्हा विषय काढणार नाही."

"हो हो," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

आणि मग ते सत्त्याण्णव पॉइंट चार आले. घड्याळ बघितलं तेव्हा पाच वाजून गेले होते. असो. ती सहाला सुटते, तिला जमलंच नसतं. आणि टेबल काय, घेतलं नाही तर दुसरं कोणी बसतं.

शुक्रवार, १८ जानेवारी

लारा काल आली नाही, आज आली, शुक्रवार असून. कपड्यांची पिशवी नव्हती. तळघरात गेली, त्याच्या रिकाम्या खाटेवर बसली, वर आली.

"जाताना तो काही बोलला?"

सांगणार होतो. पण तिचा चेहरा असा होता की आता सांगितलं तर माझंच डोकं फुटेल. आणि विचार केला तर निरोपाची मुदतच संपलेली, बस गेली. मुदत संपलेल्या वस्तूची किंमत शून्य, हे तर साधं गणित आहे.

"म्हणाला, कॉल्ड्रन बेच्या रिंकवरचा बर्फ फार मऊ असतो."

"बास?"

"बास."

"मी मेसेज केला होता. 'गेलास?' म्हणून," ती म्हणाली. "त्याचं उत्तर आलं, 'हो. समजलं मला.' काय समजलं त्याला?"

मी म्हटलं, सौदा समजला असेल, तसा सरळ आहे.

रात्री जेवण अर्धवट ठेवून उठलो. आईने केलेलं सूप त्याच्यासारखं झालं नव्हतं, त्यामुळे असेल.

बुधवार, २३ जानेवारी

हरलो, आठ–एक. गोलात डगी फ्रिम होता. दिवसा तो दातांच्या डॉक्टरकडे काम करतो आणि पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, समोर आला की रोग्यासारखे डोळे मिटतो. पण श्रेणी ए प्लसच राहणार. सौदा अर्धाच पूर्ण झालाय, अर्ध्या सौद्यावर निकाल देणं हे अडाण्यांचं काम, असं मी लिहिलं. तीन हजार वाचक.

गावाने येणाऱ्या खेळाडूचं नाव ठेवलंय: नंतऱ्या.

शनिवार, २ फेब्रुवारी

गाव नंतऱ्याच्या प्रेमात आहे. स्टँगसाहेबांनी पाठीवर नाव नसलेल्या चाळीस जर्सी छापल्या, दोन दिवसांत संपल्या. सलूनमध्ये दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं तो डावखुरा आहे, दुसऱ्यांचं म्हणणं डावखुरा असता तर आतापर्यंत कळलं असतं. म्हातारे ओल्सन छातीवर हात ठेवून सांगतात की त्यांनी त्याला ब्रँडन गावात खेळताना स्वतः बघितलाय.

"कसा आहे हो?"

"उंच," ओल्सन म्हणाले. "पण बोलायला साधा."

काल परत हरलो, सात–दोन. डगीच्या नावाने कोणी ओरडलंही नाही. प्रत्येक गोलला स्टँडमधून एकच आवाज, "नंतऱ्या असता तर!" गोव्ही एक गोल खायचा तेव्हा हेच लोक त्याची आई काढायचे.

मी आईला म्हटलं, तळघरातल्या चादरी बदल, नंतऱ्या आपल्याकडेच उतरणार.

"त्याला सूप येतं का?"

"सगळं येत असेल."

"मग त्यालाच बदलू दे चादरी."

मंगळवार, ५ फेब्रुवारी

गोल्डन फेझंट रेस्टॉरंटचे मालक मिस्टर मा यांचा फोन. "तुमच्या गोलकीपरची एक डबी माझ्याकडे पडून आहे. त्या दिवशी जेवणानंतर गोडाबरोबर आणायला सांगितली होती. आलेच नाहीत दोघं."

"कसली डबी?"

"छोटी."

बहुतेक लेन्सची. गोलकीपरना डोळे फार जपावे लागतात. म्हटलं, येऊन नेतो. हा आठवडा गडबडीचा आहे, रेडिओवाल्यांना नंतऱ्यावर माझी मुलाखत हवीये.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

वाईट दिवस. उणे अडतीस. आईची बस सुरूच होईना. इंजिनाला तापवणारी वायर रात्रभर लावून ठेवावी लागते, ती लावायची राहिली. लावायचं काम गोव्हीचं होतं. अकरा मुलं रस्त्याच्या कडेला पंचवीस मिनिटं उभी राहिली, एकाच्या बापाने शाळेत तक्रार केली. सतरा वर्षांत आईविरुद्ध पहिली तक्रार.

"तू लावशील का उद्यापासून?" तिने विचारलं.

मी म्हटलं, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, नंतऱ्या आला की तो लावेल. आई बसची किल्ली खिळ्याला अडकवून आत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी लारा आली. तिने नवीन वॉशिंग मशीन घेतलंय. ते सांगायला आली होती असं मला वाटलं, पण ती म्हणाली, "मला विनिपेगच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. सही करून पाठवली. अकरा मार्चला हजर व्हायचंय."

आई बटाटे सोलत होती. सोलतच राहिली, शेवटी हातात बोराएवढा बटाटा उरला. "इथे काय वाईट होतं गं?"

"वाईट काही नाही, आई. इथे दर गुरुवारी गुरुवार येतो."

ह्या वाक्याचा अर्थ मी अजून लावतोय. माझ्या मते सलग हरण्याचा ताण सगळ्या गावावर आलाय.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

मोठी बातमी. गोव्हीचा गुडघा गेला. मायनर्सना त्याने दुसऱ्या नंबरवर नेऊन ठेवलं आणि काल कोणीतरी त्याच्या अंगावर पडलं. आतलं काहीतरी फाटलंय, ऑपरेशन लागणार.

म्हणजे आपण जिंकलो! मी म्हटलंच होतं, वीस जानेवारीनंतर उतार! पोस्टचं शीर्षक टाकलं: 'आकडे खोटं बोलत नाहीत'. नऊ हजार वाचक. स्टँगसाहेबांनी रिंकवर सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली.

लारा जेवायला होती, तिला वाचून दाखवलं.

"कुठला गुडघा?"

"फॉर्म्युल्याला फरक पडत नाही, कुठलाही—"

"कर्बी, कुठला गुडघा?"

"डावा."

ती उठली आणि कोट न घालता बाहेर गेली. उणे सत्तावीस. खिडकीतून बघितलं तर बसच्या शेजारी उभी होती, गोव्ही सकाळी जिथे उभा राहून काच खरवडायचा तिथे. आई तिचा कोट घेऊन मागे गेली. मग दोघी तिथेच उभ्या.

मी पोस्ट परत वाचली. चूक एकही नाही. तरी शीर्षक बदललं. नंतर परत तेच ठेवलं.

शुक्रवार, १ मार्च

अकरापासून अख्खं गाव स्टँगसाहेबांच्या टायरच्या दुकानात. पाठीवर नाव नसलेल्या जर्सी घालून लोक टायरांच्या थप्प्यांवर बसलेले. मिसेस ओल्सनने केक आणला होता, त्यावर क्रीमने 'वेलकम' आणि पुढे जागा सोडलेली. नाव आलं की भरायला क्रीमची पिशवी हातात तयार.

बाराला चार मिनिटं कमी असताना फॅक्स खरखरला. स्टँगसाहेबांनी कागद ओढला, वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली, परत सुलटा केला.

"वाचा की हो!"

"एतियेन गोव्ह्रो," ते म्हणाले.

मग मागून एक जण म्हणाला, "तो तर आपण दिला होता."

"तोच परत दिलाय त्यांनी."

"मोडका?"

"मोडका."

स्टँगसाहेबांनी कॉल्ड्रन बेला फोन लावला. त्यांचा मॅनेजर म्हणाला, करारात 'आमच्या संघातला कोणीही एक' असं लिहिलंय आणि गोव्ह्रो आमच्याच संघात होता. नियमांच्या पुस्तकात खेळाडूला चालता यायला हवं असं कुठे लिहिलंय ते दाखवा. स्टँगसाहेबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"'गोव्ही सोडून' असं लिहायचं राहिलं."

"का?" मी विचारलं.

"जागा संपली. मागच्या बाजूला तुझे आकडे होते ना."

म्हातारे ओल्सन सगळ्यांना सांगत होते की ब्रँडनला बघितलेला तो हाच, त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. मिसेस ओल्सनने केकवर काहीच न लिहिता कापायला घेतला.

घरी येऊन हिशोब मांडला. दिलेला गोव्ही: एकसष्ट पॉइंट दोन. घेतलेला गोव्ही: अडतीस पॉइंट नऊ. म्हणजे आपण बावीस पॉइंट तीनने हरलो, स्वतःशीच. मग नंतऱ्याचे सत्त्याण्णव पॉइंट चार आले कुठून ते शोधलं. वयाचा रकाना रिकामा सोडला होता ना, तो फॉर्म्युल्याने शून्य धरला. वय शून्य, म्हणून वाढीची शक्यता शंभर टक्के. सहा आठवडे अख्खं गाव एका नवजात बाळाची वाट बघत होतं, आणि ते डावखुरं आहे का यावर भांडत होतं.

हे अजून कोणालाही सांगितलेलं नाही.

शनिवार, २ मार्च

आई त्याला आणायला स्टँडवर शाळेची बस घेऊन गेली. सुट्टीच्या दिवशी नेणं नियमात बसत नाही. "करू देत तक्रार," म्हणाली. "एक झालीच आहे." चादरी सकाळीच बदलल्या होत्या.

गोव्ही कुबड्या घेऊन जिना उतरला, बसत बसत, एकेक पायरी. खाटेवर टेकल्यावर माझ्याकडे बघून हसला.

"आता किती?"

"अडतीस पॉइंट नऊ."

"हे मात्र गणितातले माझे नेहमीचे."

मी त्याची बॅग कोपऱ्यात ठेवली. तो वॉशिंग मशीनकडे बघत होता.

"लारा बरी आहे?"

"विनिपेगला चाललीये. अकराला हजर व्हायचंय."

त्याने मान हलवली. "चांगलं झालं. कर्बी, तुला थँक्यू म्हणायचं राहिलं होतं. त्या दिवशी तू कामात होतास, तरी तेवढा निरोप दिलास. ती आली नाही, ते तिचं उत्तर. निदान मला कळलं तरी. काही लोकांना आयुष्यभर कळत नाही."

त्याने मला थँक्यू म्हटलं.

मी वर आलो, कोट चढवला आणि चालत गोल्डन फेझंटला गेलो. मिस्टर मा यांनी गल्ल्याच्या खालून डबी काढली. "माझी बायको रोज पुसते," म्हणाले. "तिला वाटायचं, आज कोणीतरी येईल."

लेन्स नव्हत्या.

रविवार, ३ मार्च

सकाळी लाराकडे गेलो. खोक्यांमध्ये उभी राहून कपबश्या कागदात गुंडाळत होती. मी दारातच सगळं एका दमात बोलून टाकलं. स्टँड, साडेचार, टेबल, 'समजून घेईन', मऊ बर्फ मी जोडला, सगळं. तिने हातातला कप खाली ठेवला. नीट ठेवला, ते जास्त भीतीदायक होतं.

"किती दिवस झाले?"

"पंचेचाळीस. सहा आठवडे तीन दिवस."

"आकडा बरोबर सांगतोस रे गाढवा!" आणि मग तो कप आला. मी वाकलो. बशी लागली. "तो साडेचारपर्यंत तिथे उभा होता? त्या थंडीत? आणि मी इथे उशीत तोंड खुपसून त्याला शिव्या देत होते! आणि तू काय करत होतास?"

"पॉइंट चार काढत होतो."

"काय?"

"सत्त्याण्णवच्या पुढचे."

मला वाटलं आता किटली येईल. ती खाली बसली, खोक्यावरच, आणि तिला हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी डबी तिच्याकडे धरली. तिने हात मागे घेतला.

"ती मला तू देणार आहेस? तू? त्याची आहे, त्याला नेऊन दे. आणि हे बघ, ह्या वेळी रस्त्यात कुठेही थांबू नकोस."

थांबलो नाही. गोव्हीच्या हातात डबी ठेवली आणि त्यालाही तेच सगळं सांगितलं. त्याने डबी उघडून बघितली, परत बंद केली. मग म्हणाला, "तू गोलकीपर असतास ना कर्बी, तर मी तुला त्या पहिल्या सौद्यातच बसच्या बदल्यात दिलं असतं."

दुपारी लारा आली. हातात कपड्यांची पिशवी. रविवारी. तिच्याकडे नवीन मशीन असताना. पिशवीत एकच टॉवेल होता, मी बघितला. ती जिना उतरली, दार लागलं, मशीन सुरू झालं.

साडेचार तास चाललं. एक टॉवेल. आईने सुपात वाटाणे दुप्पट घातले आणि चार ताटं मांडली. ती दोघं वर आली तेव्हा लाराच्या बोटात अंगठी होती आणि गोव्हीची एक कुबडी ती धरून चालत होती.

आईने आधी अंगठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू जेव," म्हणाली. "तुला उद्या पहाटे पाचला उठायचंय."

सोमवार, ११ मार्च

काल गेले दोघं. लाराची सही झालेली होती, ती काही मोडता येईना. गोव्हीच्या गुडघ्याचं ऑपरेशनही विनिपेगलाच आहे. तो आता खेळणार नाही. तिथल्या एका रिंकवर लहान मुलांना गोलात उभं राहायला शिकवणार म्हणतो. स्टँगसाहेब निरोप द्यायला आले होते, टोपी हातात घेऊन उभे राहिले, आणि शेवटी गाडीचे टायर तपासून म्हणाले, "पुढचा डावा बदलून घे." बदलूनही दिला.

गोफर्स शेवटचे आले. कॉल्ड्रन बे पहिल्याच फेरीत गारद. त्यांच्याकडे गोलकीपर नव्हता.

दहा हजार लोक माझ्या निकालाची वाट बघतायत. स्टँगसाहेबांनी कालच विचारलं, "मग? कोणी जिंकला?" काय लिहू? कॉल्ड्रन बेने सहा आठवडे जिंकलं आणि हरले. आपण गोव्ही दिला, गोव्ही घेतला आणि गोव्ही गमावला. लारा जिंकली, पण ती कुठल्या टीमची? आई तर दोन्ही बाजूंनी हरली. तळघर रिकामं आहे आणि गुरुवारी मशीन लागत नाही. कागदावर पाहिलं तर दोन्ही बाजूंना एकच नाव, उत्तर शून्य यायला हवं. येत नाहीये. मी तीनदा काढलं.

आज पहाटे पाचला उठून इंजिनाची वायर काढली आणि बसची काच खरवडली. उणे एकोणतीस. पुढची मोठी काच, दोन बाजूच्या, आरसे, मागची. बावीस मिनिटं लागली. बोटं कळेनाशी झाली. आई बाहेर आली, आत चढून बसली, काचेतून बघितलं आणि म्हणाली, "कोपरे राहिलेत." मी कोपरे केले.

तो तीन वर्षं रोज हे करत होता, आणि मी त्याला एकसष्ट पॉइंट दोन दिले होते. वेबसाइटवर टाकायच्या आधी इथे विचारून बघतो, हे कधी कोणी वाचलंच तर तुम्हीच सांगा: ती बावीस मिनिटं मी कुठल्या रकान्यात धरू, आणि ती धरली तर हा सौदा कोणी जिंकला?